हाइड पार्क कॉर्नरवरून असई किती लांब?

आमच्या जालन्यात लंडनला जाऊन आलेल्या माणसाचे हल्ली कोणाला फारसे अप्रूप राहिलेले नाही. मोतीबागेत सकाळी फिरायला येणाऱ्या निवृत्त मंडळींच्या एखाद्या घोळक्यात सहज चौकशी केली, तरी दोघे-तिघे असे निघतात की ज्यांचा मुलगा, मुलगी किंवा जावई तिकडे आहे. 'जालना सोने का पालना' असे आमच्या गावाबद्दल पूर्वीपासून म्हणतात. पाळण्यातली पोरे मोठी झाली, पुण्या-मुंबईला शिकली, संगणकात शिरली आणि सातासमुद्रापार गेली. पाळणा हलवणारे इथेच राहिले. मग मुले आई-वडिलांना बोलावतात. सहा महिन्यांचा व्हिसा, बोटांचे ठसे द्यायला मुंबई किंवा पुणे, प्रवासाचा विमा, बॅगेत लोणचे, मेतकूट आणि शेंगदाण्याची चटणी असे सारे यथासांग होते आणि जन्मभर परतूर, अंबड, घनसावंगी, भोकरदन अशा एसटीच्या पाट्या वाचलेली माणसे एक दिवस हीथ्रो विमानतळावर उतरतात.

परत आल्यावर त्यांना विचारा, "काय काय पाहिले?" उत्तर ठरलेले असते. "सगळे पाहिले."

या 'सगळे' शब्दाशी माझे जुने भांडण आहे. मुलाला सलग रजा मिळत नाही, म्हणून एक शनिवार ठरतो. सकाळी नऊला घरातून निघायचे आणि बिग बेन, बकिंगहॅम राजवाडा, ट्रॅफल्गार चौक, लंडन आय, टॉवर ब्रिज आणि जमले तर मादाम तुसाँचे मेणाचे पुतळे असे करून रात्री नऊला परत यायचे. पर्यटन कंपनीबरोबर गेलात तरी यादी हीच, फक्त वेळ त्याहून कमी. बस थांबते, झेंडीवाला मार्गदर्शक वीस मिनिटे देतो, त्यातली दहा स्वच्छतागृह शोधण्यात जातात आणि उरलेल्या दहांत सर्वांचे फोटो होतात. पंधरा वर्षांपूर्वी शेजाऱ्यांनी दाखवलेले फोटो आणि परवा दुसऱ्या शेजाऱ्यांनी दाखवलेले फोटो यांत मला फरक सापडला तो एवढाच, की आधीचे कागदावर होते आणि हे मोबाइलवर होते. जागा त्याच, उभे राहण्याची ढब तीच. गुडघे दुखत असताना हसण्याचा प्रयत्न करणारा चेहराही तोच.

यात त्या माणसांची चूक आहे असे मला वाटत नाही. लहान गावातला माणूस प्रचंड शहरात गेला की आधी दबतो. आपल्याला इथले काय कळणार, असे त्याच्या मनात असते. म्हणून लोक जे दाखवतील ते तो पाहतो आणि लोकांनी ज्याला नावाजले त्याला नावाजतो. माझे म्हणणे असे, की आपल्या माणसाने त्या एका दिवसात यादीतली चार ठिकाणे खुशाल गाळावीत आणि ज्या एका जागेचा आपल्या गावाशी काही संबंध आहे तिथे अर्धा दिवस बसावे. असा संबंध नसतोच, असे कोणी म्हणेल. जालना जिल्ह्याच्या बाबतीत तरी तो आहे, आणि तो लंडनच्या अगदी मध्यावर, हाइड पार्कच्या कोपऱ्यावर उभा आहे.

मी भोकरदन तालुक्यातल्या शाळांत तीस वर्षे इतिहास शिकवला. त्यामुळे मुलाने बोलावले तेव्हा माझी यादी तयार होती आणि तिच्यात एकच नाव होते. ॲप्सली हाउस. मुलाला हे नाव ठाऊक नव्हते. तो म्हणाला, "बाबा, तिथे कोणीच जात नाही." मी म्हणालो, "म्हणूनच आम्ही दोघे जातो. तू ऑफिसला जा." बराच वेळ वाद झाला. हरवाल, घाबराल, आईला बसमध्ये त्रास होईल असे सारे झाले. शेवटी हीच म्हणाली, "अरे, तुझे बाबा तुला पहिल्या दिवशी एकट्याला वसतिगृहात सोडून आले होते, तेव्हा तू हरवलास का?" त्यावर तो गप्प बसला.

त्या शहरात एकट्याने फिरणे आपल्याकडच्या म्हाताऱ्या माणसालाही जमते, हे इथे मुद्दाम सांगतो, कारण भीतीपोटी पुष्कळ लोक सहा महिने मुलाच्या घरात खिडकीशी बसून काढतात. बसमध्ये २०१४ पासून रोख पैसे घेतच नाहीत. एक कार्ड यंत्राला टेकवायचे. दिवसभरात कितीही फिरलात तरी ठरावीक रकमेच्या पुढे पैसे कापले जात नाहीत. ही पद्धत आमच्या महामंडळाने उचलावी अशी आहे. सरकत्या जिन्यावर थांबायचे असेल तर उजव्या बाजूला उभे राहायचे आणि घाईवाल्यांना डावी बाजू मोकळी ठेवायची. मोठी संग्रहालये बहुतेक फुकट आहेत आणि तिथे स्वच्छतागृहे चांगली असतात. साखरेचा आजार असलेल्या माणसाच्या दृष्टीने ही माहिती राणीच्या मुकुटापेक्षा महत्त्वाची. आणि डबा बरोबर न्यावा. पौंड शंभर रुपयांच्या पुढे गेल्यापासून आपला माणूस तिथे चहा पितानाही मनात गुणाकार करतो आणि चहाची चव जाते.

आम्ही वॉटर्लू स्टेशनवर उतरलो, तिथून भुयारी गाडीने पिकॅडिली सर्कस आणि गाडी बदलून हाइड पार्क कॉर्नर. ही भुयारी रेल्वे १८६३ साली सुरू झाली. आमच्या जालन्याला निजामाच्या राज्यात मनमाड-सिकंदराबाद मार्गावरची मीटरगेज गाडी आली ती त्यानंतर साधारण चार दशकांनी, १९०० च्या सुमाराला. एवढा एक हिशेब मनात करून मी तो विषय सोडला, कारण अशा तुलनांतून हाती फारसे काही लागत नाही.

हाइड पार्क कॉर्नर म्हणजे सहा बाजूंनी रस्ते येऊन मिळणारा गजबजलेला चौक. मध्ये मोठी कमान, वर चार घोड्यांचा काळा रथ. कमानीजवळ घोड्यावर बसलेला एक पुतळा आणि त्याच्या चार कोपऱ्यांवर चार शिपाई. पुतळ्याचे तोंड समोरच्या एका घराकडे आहे, कारण ते घर त्याचेच. हा ड्यूक ऑफ वेलिंग्टन, ज्याने १८१५ साली वॉटर्लू येथे नेपोलियनला हरवले. एके काळी पश्चिमेकडून शहरात शिरताना जकातनाका ओलांडला की पहिले घर हे लागे, म्हणून त्याला 'नंबर वन, लंडन' म्हणत. १९४७ साली ड्यूकच्या वंशजांनी ते राष्ट्राला दिले, काही खोल्या स्वतःकडे ठेवल्या, आणि आता बाकीचे घर तिकीट काढून पाहता येते.

आपल्या पाठ्यपुस्तकांत वेलिंग्टन येतो तो वॉटर्लूच्या वेळी. त्याच्या बारा वर्षे आधी तो साधा मेजर जनरल आर्थर वेलस्ली होता, वय चौतीस, आणि आमच्या बदनापूरला तंबू ठोकून बसला होता. होय, तेच बदनापूर, जिथे जालना-संभाजीनगर गाडीत शेंगावाले चढतात. २१ सप्टेंबर १८०३ रोजी तिथे वेलस्ली आणि कर्नल स्टीव्हन्सन भेटले. स्टीव्हन्सनने त्या महिन्याच्या सुरुवातीलाच जालन्याचा किल्ला घेतला होता. दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघूजी भोसले यांची एकत्र फौज भोकरदनच्या बाजूला उतरली होती. ठरले असे, की दोघांनी डोंगराच्या दोन बाजूंनी निघायचे आणि चोवीस तारखेला मिळून हल्ला करायचा. तेविसाला वेलस्ली नळणीजवळ पोचला तेव्हा शत्रू अगदी जवळ असल्याचे कळले. स्टीव्हन्सनची वाट न पाहता त्याने त्याच दिवशी लढाई दिली. ती असईची लढाई.

असई हे केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या मध्ये वसलेले गाव. शिंद्यांची पलटणे केळणेच्या पलीकडे, सुमारे शंभर तोफा मांडून उभी होती. त्यांचा सेनापती पोलमन नावाचा हॅनोव्हरचा जर्मन. वेलस्लीला नदी ओलांडायची होती आणि वाटाड्यांनी सांगितले की इथे उतार नाही. त्याने दुर्बिणीतून पाहिले तर नदीच्या दोन काठांवर समोरासमोर दोन गावे दिसली. इंग्रजी कागदांत त्यांची नावे पीपलगाव आणि वारूर अशी आहेत. दोन गावे इतकी जवळ, मध्ये फक्त नदी, मग माणसे जाता-येताना पाण्यातून जातच असणार, असा त्याने तर्क केला. तर्क बरोबर निघाला, फौज तिथून पार झाली आणि बाजूने येऊन भिडली. या तर्काचे इंग्रज लेखकांनी पिढ्यान्‌पिढ्या कौतुक केले आहे. मी वर्गात हे सांगत असे तेव्हा मागच्या बाकावरची पोरे हसायची. दोन्ही काठांवर गावे आहेत म्हणजे मध्ये उतार असणार, हे ओळखायला जनरल कशाला हवा? त्या पोरांच्या आज्या रोज अशाच उतारावरून पलीकडच्या गावी लेकीकडे जात होत्या. पण हेही खरे, की बाकीच्या अधिकाऱ्यांनी वाटाड्यांवर विश्वास ठेवला आणि याने गावांकडे पाहिले.

पुढे जे झाले ते भयंकर होते. शिंद्यांच्या गोलंदाजांनी असा मारा केला की इंग्रजांची ७४ वी हायलँडर पलटण असईच्या कुसाजवळ जवळजवळ कापली गेली. तिचे बहुतेक सगळे अधिकारी मेले किंवा जखमी झाले. इंग्रजांचे पंधराशेहून अधिक लोक ठार-जखमी झाले. गोलंदाज तोफा सोडून हलले नाहीत, तोफेपाशीच संगिनींनी मारले गेले. काही मेल्याचे सोंग घेऊन पडून राहिले आणि इंग्रज पुढे गेल्यावर उठून त्यांच्या पाठीवर पुन्हा तोफा डागू लागले. खुद्द वेलस्लीचा एक घोडा मारला गेला आणि दुसऱ्याला भाला लागला. दौलतराव आणि रघूजी मात्र लढाई ऐन रंगात असताना रणांगण सोडून निघून गेले होते. डिसेंबरमध्ये देवगाव आणि सुर्जी-अंजनगाव इथे तह झाले आणि दख्खनचे राजकारण कायमचे बदलले. असईच्या जखमींना अजिंठा गावी नेऊन ठेवले होते. जवळच्या दरीतली लेणी एका इंग्रज अधिकाऱ्याच्या दृष्टीस पडली ती पुढे १८१९ साली.

म्हातारपणी कोणी तरी ड्यूकला विचारले, की लढायांमध्ये तुम्ही सर्वांत चांगले काय केलेत? त्याने एका शब्दात उत्तर दिले असे सांगतात, आणि तो शब्द वॉटर्लू नव्हता. असई होता.

हे सारे डोक्यात घेऊन मी त्या घरात शिरलो. जिन्याच्या तळाशी नेपोलियनचा संगमरवरी पुतळा आहे, कानोव्हाने घडवलेला, अकरा फुटांहून उंच आणि जवळजवळ नग्न. इंग्रज सरकारने तो विकत घेतला आणि राजपुत्राने ड्यूकला भेट दिला. हरवलेल्या शत्रूला असे उघडे करून स्वतःच्या जिन्याखाली उभे ठेवण्यात काय आनंद असेल तो असो. ही पदर सावरून पुढे गेली. तळमजल्यावर भांड्यांची खोली आहे. युरोपातल्या राजांनी दिलेले चिनी मातीचे आणि चांदीचे संच तिथे काचेत मांडले आहेत. त्यांतच सोन्याचा मुलामा दिलेला चांदीचा एक मोठा संच आहे, त्याचे नाव 'डेक्कन सर्व्हिस'. वेलस्लीच्या हाताखाली दख्खनमध्ये लढलेल्या अधिकाऱ्यांनी त्याला दिलेला. डेक्कन हा शब्द तिथे वाचून मी थांबलो. ही ताटे-वाट्या आमच्या मुलखातल्या लढाईच्या बक्षिसाची. त्या काचेसमोर मी बराच वेळ उभा राहिलो. ही म्हणाली, "एवढी भांडी घासायला किती माणसे लागत असतील!" मलाही मग तेच दिसू लागले.

वरच्या दालनात चित्रे आहेत. स्पेनच्या राजघराण्याची ही चित्रे नेपोलियनचा भाऊ पळवून नेत होता. १८१३ साली व्हितोरियाच्या लढाईत ती वेलिंग्टनच्या हाती लागली आणि स्पेनच्या राजाने ती त्यालाच ठेवू दिली. त्यांतल्या एका चित्रापुढून आम्हा दोघांना हलवेना. व्हेलाथ्केथ नावाच्या स्पॅनिश चित्रकाराने साधारण १६२० साली, ऐन तरुणपणी काढलेले हे चित्र. पाणी विकणारा एक म्हातारा, अंगावर विटका झगा, पुढे मातीचा भला मोठा रांजण, आणि तो एका मुलाला काचेच्या पेल्यात पाणी देतो आहे. रांजणाच्या अंगावरून ओघळणारे थेंब असे काढले आहेत की हात लावून पाहावेसे वाटते. २०१३ च्या दुष्काळात आमचे जालना शहर टँकरवर जगले, मोसंबीच्या बागाच्या बागा सरपण झाल्या. पाणी विकत घेणे म्हणजे काय, ते आम्हाला चित्रातून शिकायचे नव्हते. ही एवढेच म्हणाली, "त्या पोराने पेला कसा धरलाय बघा. सांडू नये म्हणून." लंडन आयमधून दिसणारे लंडन आम्ही पाहिले नाही. पण पोराचा तो हात आम्ही पाहिला. लोकांनी दिलेल्या यादीत तो नसतो आणि आपल्या गावाचे डोळे बरोबर नसते तर आमच्याही तो लक्षात आला नसता.

त्या दालनात लक्ष ठेवायला एक पांढऱ्या केसांच्या बाई बसल्या होत्या. आम्ही इतका वेळ उभे राहिलेले पाहून त्यांनी कुठून आलात असे विचारले. मी सांगितले, असईहून. म्हणजे अगदी असईहून नव्हे, पण जिल्हा तोच. त्या खुर्चीवरून उठून उभ्या राहिल्या. असई हे खरेच गाव आहे आणि तिथून माणूस येऊ शकतो, हे त्यांच्या कधी मनातच आले नव्हते, असे त्या म्हणाल्या. मग त्यांनी साधा प्रश्न विचारला, "आता तिथे काय आहे?"

मी म्हणालो, "शेती. मका, कपाशी, सोयाबीन. दोन नद्या. शाळा आहे."

"आणि लढाईचे?"

संग्रहालय म्हणावे असे तिथे काही नाही, हे मी सांगितले. मी शाळेची मुले घेऊन तिथे कितीदा तरी गेलो आहे. मास्तरांनी सांगायचे आणि मुलांनी उन्हात डोळ्यांवर हात धरून शेताकडे पाहायचे, अशी आमची सहल असे. लढाई कुठे झाली ते गावातली म्हातारी माणसे हात लांबवून दाखवतात.

या प्रश्नानंतर माझे मन जरा कडू झाले, आणि त्याचे कारण इंग्रज नव्हेत. त्यांनी आपल्या माणसाचे घर जपले, त्यात वावगे काही नाही. आणि ही लढाई 'आपण विरुद्ध ते' अशी सरळ नव्हती, हेही मास्तर म्हणून मला सांगितले पाहिजे. वेलस्लीच्या बाजूला मद्रासचे शिपाई होते, म्हैसूरचे स्वार होते आणि वसईच्या तहामुळे खुद्द पेशव्यांचे स्वारही होते. शिंद्यांच्या पलटणीत उत्तरेकडचे पुरबिये मोठ्या संख्येने होते. तेव्हा छाती बडवून घेण्यासारखे किंवा फुगवण्यासारखे यात काही नाही. मला खटकते ते वेगळे. ७४ व्या पलटणीचा 'असई' लिहिलेला हत्तीच्या चिन्हाचा ध्वज तिच्या वारसदार पलटणीने अजून मिरवला. त्या पलटणीत कोण मेले त्यांची नावे कागदावर आहेत. तोफेपाशी उभे राहून मेलेल्या गोलंदाजांचे एकही नाव मला तीस वर्षांत कुठल्या पुस्तकात सापडले नाही. त्यांचे शौर्य आपल्याला कळते ते शत्रूच्या पत्रांतून. त्यांच्या धन्यांनी रणांगण सोडले आणि नंतर आपणही.

बेल्जियममध्ये वॉटर्लूच्या मैदानावर मातीची एक टेकडी रचली आहे, वर सिंहाचा पुतळा. २२६ पायऱ्या चढून लोक लढाईची जागा पाहतात, आणि लढाईला दोनशे वर्षे झाली त्या साली, २०१५ मध्ये, तिथे नवे संग्रहालयही उघडले. आमच्या मराठवाड्यातून युरोपला जाणाऱ्या सहली ब्रुसेल्सला थांबतात त्या चॉकलेटसाठी आणि लघवी करणाऱ्या पोराच्या पुतळ्यासाठी. वॉटर्लू तिथून पंधरा-वीस किलोमीटरवर. जाऊन आलेल्या एकालाही मी ते पाहिल्याचे सांगताना ऐकले नाही. आणि जे वॉटर्लूला गेले नाहीत ते असईलाही गेलेले नाहीत, हा योगायोग नसावा.

हा प्रश्न एकट्या असईचा नाही. भोकरदन हे सातवाहनकाळचे भोगवर्धन. सांची आणि भारहूत इथल्या स्तूपांना दान देणाऱ्यांच्या शिलालेखांत भोगवर्धनच्या लोकांची नावे आहेत. १९७३ साली नागपूर आणि मराठवाडा विद्यापीठांनी तिथे उत्खनन केले, तेव्हा हस्तिदंती स्त्रीमूर्तीचा एक तुटका भाग मिळाला. तशीच, जवळपास अखंड, मूर्ती १९३८ साली इटलीत पाँपेईच्या राखेखाली सापडली होती. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियस फुटला तेव्हा ती त्या घरात होती. ती मूर्ती आमच्याच भागात घडली असावी, असे काही अभ्यासक मानतात. ती आज नेपल्सच्या संग्रहालयात आहे, उंची जेमतेम वीतभर. म्हणजे भोकरदनची बाई परदेशवारीला आपल्या आधी एकोणीसशे वर्षे गेली. इटलीला जाणाऱ्या आमच्या माणसांना पिसाचा कललेला मनोरा हाताने थोपवून धरल्याचा फोटो हवा असतो. तिला भेटायला कोणी जात नाही.

लंडनमध्येच किंग हेन्रीज रोडवर दहा नंबरचे घर आहे. १९२१-२२ च्या सुमारास विद्यार्थी असताना डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथे राहिले. २०१५ साली महाराष्ट्र सरकारने ते घेतले. ज्यांनी १९५० साली औरंगाबादेत मिलिंद महाविद्यालय उभे केले, त्यांची विद्यार्थिदशेतली खोली. मराठवाड्यातल्या किती तरी घरांत पहिला पदवीधर त्या महाविद्यालयातून निघाला. तिथे जाणाऱ्यांना कोणी यादी करून द्यावी लागत नाही, ते आपले आपण जातात, आणि मेणाच्या पुतळ्यांपेक्षा त्यांचा दिवस सत्कारणी लागतो असे माझे स्पष्ट मत आहे.

आम्ही ॲप्सली हाउसमधून बाहेर पडलो तेव्हा अडीच वाजले होते. रस्ता ओलांडून हाइड पार्कमध्ये बाकावर बसून दशम्या खाल्ल्या. कमानीच्या पलीकडे कॉन्स्टिट्यूशन हिलवर चार दगडी खांब आणि एक छत्री आहे. दोन महायुद्धांत इंग्रजांच्या बाजूने लढलेल्या भारतीय उपखंडातल्या, आफ्रिकेतल्या आणि कॅरिबियन बेटांवरच्या सुमारे पन्नास लाख माणसांसाठी २००२ साली ते स्मारक झाले. उशिरा झाले, पण झाले. ज्यांना विसरले जाते त्यांच्यासाठी काय करता येते, त्याचा तो नमुना आम्हाला दोनशे पावलांवर पाहायला मिळाला.

संध्याकाळी मुलगा आला. तो रोज वॉटर्लू स्टेशनवरून ये-जा करतो, पाच वर्षे झाली. त्या स्टेशनाला जिच्यावरून नाव पडले ती लढाई जिंकणारा माणूस बारा वर्षे आधी आपल्या जिल्ह्यात होता, हे मी त्याला लहानपणी सांगितले असणारच, पण बापाचे शिकवणे कोणाच्या लक्षात राहते? त्याने मोबाइलवर नकाशा काढला, असई शोधली, दोन बोटांनी मोठी केली. केळणा, जुई, मधले शेत. बराच वेळ पाहून तो म्हणाला, "बाबा, हे तर आत्याच्या गावाच्या वाटेवर आहे."

माझी जिल्ह्यातल्या कर्त्या मंडळींना मागणी फार मोठी नाही. पुतळा नको, कारण पुतळा म्हटला की वर्गणी आली आणि वाद आले. लढाईच्या जागी फौजा कुठे उभ्या होत्या त्याचा, जमिनीवर उभे राहून समजेल असा एक नकाशा हवा. केळणेच्या उताराशी एक पाटी हवी. तीवर गोलंदाजांबद्दल चार ओळी असाव्यात, नावे माहीत नाहीत हेही त्यांत लिहावे, आणि मजकूर आधी मराठीत असावा. भोकरदनच्या हस्तिदंती मूर्तीचे चित्र निदान तालुक्याच्या एसटी स्थानकावर तरी लागावे. आणि शाळांनी २३ सप्टेंबरच्या आगेमागे मुलांना तिकडे न्यावे. तेव्हा नदीला पाणी असते आणि उतार म्हणजे काय ते सांगावे लागत नाही. मुलगा दिवाळीला येतो आहे. भोकरदनहून असईला गाडी कुठून मिळते, असे त्याने परवा फोनवर विचारले.